कूलर की एसी, हे नंतर. आधी डोक्यावरच्या स्लॅबचं बघा

होळी झाली की आमच्याकडे, म्हणजे नागपूरला, घरोघरी तीच चर्चा सुरू होते, यंदा कूलर बदलायचा का, एसी घेऊनच टाकायचा का, घेतला तर दीड टन की दोन टन, कुठली कंपनी, आणि मग कोणाचा तरी भाचा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात असतो तो डिस्काउंट सांगतो आणि निर्णय होऊन जातो. मला पण नातेवाइकांचे फोन येतात कारण आम्ही फ्लॅट स्कीमच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो आणि आमचं घर उन्हाळ्यात त्यातल्या त्यात बरं असतं हे सगळ्यांनी येऊन बघितलंय. तर मी सगळ्यांना पहिले एकच विचारते, तुमच्या डोक्यावर दुसऱ्याचं घर आहे की गच्ची? गच्ची असेल तर मशीनचे पैसे बाजूला ठेवा, आधी गच्चीवर खर्च करा, मग उरलेल्या पैशात कूलर किंवा एसी जे काय घ्यायचं ते घ्या, आणि बहुतेक वेळा ते आधी ठरवलं होतं त्यापेक्षा लहान घेऊन भागतं.

हे मी इतक्या ठामपणे सांगते कारण विदर्भातला उन्हाळा हा गंमतीचा विषय नाही. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात पारा ४७.९ वर गेला होता, आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला की ४४-४५ ला कोणी बातमी पण म्हणत नाही. अशा उन्हात उघडी गच्ची, त्यातही शेवाळाने काळी पडलेली, साठ अंशांच्या वर तापते. चार-पाच इंचाचा काँक्रीटचा स्लॅब दुपारभर ते ऊन पितो आणि ते खाली पोचायला त्याला तीन-चार तास लागतात, म्हणून बाहेर सूर्य कलला, जरा बरं वाटायला लागलं की नेमकं तेव्हाच घराचं छत तापायला लागतं. संध्याकाळी सात-आठला स्टुलावर चढून छताला तळहात लावून बघा, खोटं वाटत असेल तर खरंच बघा. आमच्या शेजारच्या काकूंच्या बेडरूममध्ये मी लावून बघितला होता, दोन सेकंदांच्या वर हात ठेववत नव्हता, आणि त्याच छताला लागून पंखा फिरत होता, म्हणजे पंखा रात्रभर तीच गरम हवा खाली ढकलणार. काकू म्हणत होत्या पंखा बदलून घेऊ का, हवाच लागत नाही.

तर गच्ची पांढरी करायची. एवढंच. यात काही नवीन शोध नाही, पांढरं ऊन परत फेकतं हे आपल्या आजीला पण माहीत होतं. अहमदाबादला २०१० च्या उष्णतेच्या लाटेत खूप माणसं गेली, त्यानंतर २०१३ मध्ये त्यांनी हीट अ‍ॅक्शन प्लान केला आणि पुढे वस्त्यांमधली छतं पांढरी करायचा कार्यक्रम त्यात घेतला, तेलंगणाने तर २०२३ मध्ये कूल रूफची वेगळी पॉलिसीच काढली. खोलीत साधारण २ ते ५ अंशांपर्यंत फरक पडतो असं सांगतात. तीन अंश म्हणजे काय मोठं असं वाटेल, पण रात्री ३७ च्या खोलीत झोपणं आणि ३४ च्या खोलीत झोपणं यात काय फरक आहे हे ज्याच्या घरात लहान बाळ किंवा म्हातारं माणूस आहे त्याला विचारा.

सगळ्यात स्वस्त म्हणजे चुना. चांगला चुना आदल्या दिवशी भिजवायचा, गाळायचा, त्यात थोडं पांढरं सिमेंट आणि फेविकॉलसारखा गोंद घालायचा म्हणजे धरून राहतो, आणि गच्ची झाडून धुऊन कुंच्याने दोन-तीन हात मारायचे. हातात ग्लोव्हज घाला आणि डोळ्यावर गॉगल, चुना डोळ्यात गेला तर फार वाईट, आणि पांढऱ्या गच्चीवर दुपारी डोळे दिपतात ते वेगळंच. चुना एका पावसाळ्यात बराचसा निघून जातो, त्यामुळे दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये परत करायची तयारी हवी. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी हेच करावं, घरमालक नाही म्हणत नाही कारण त्याचा खर्च काहीच नाही.

स्वतःचं घर असेल तर कूल रूफ कोटिंग बघा. दुकानात गेलं की प्रत्येक बादलीवर 'हीट रिफ्लेक्टिव्ह' लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका, टेक्निकल शीट मागा आणि त्यात एसआरआय, म्हणजे ऊन परत फेकून पृष्ठभाग किती गार राहतो याचा आकडा, किती आहे ते बघा. तो आकडा म्हणजे ठरलेल्या काळ्या पृष्ठभागाला शून्य आणि ठरलेल्या पांढऱ्याला शंभर धरून काढलेला असतो, चांगलं पांढरं कोटिंग शंभरच्या आसपास किंवा थोडं वर असतं. तोच डबा राखाडी किंवा टेराकोटा रंगात घेतला तर आकडा धाडकन खाली येतो, त्यामुळे 'गच्ची लवकर मळते म्हणून ग्रे घेऊ' हा विचार सोडून द्या. दुसरं बघायचं ते कव्हरेज, म्हणजे एका लिटरमध्ये दोन कोट धरून किती स्क्वेअर फूट होतात. स्वस्त डब्याचा हिशोब बहुतेक वेळा इथेच उघडा पडतो. आणि मळण्याचं म्हणाल तर ते खरंच आहे, आमच्याकडे कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख उडते, चंद्रपूरकरांना तर काही सांगायलाच नको, पांढरी गच्ची दोन वर्षांत राखाडी दिसायला लागते आणि काम कमी करते. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा घासून धुवायची, बस.

ज्यांना एकदाच काय तो खर्च करायचाय त्यांनी पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचं चायना मोझॅक करावं. महाग पडतं, गच्चीवर वजनही वाढतं त्यामुळे जुन्या बिल्डिंगमध्ये इंजिनियरला विचारल्याशिवाय करू नये, पण नीट केलेलं असेल तर वर्षानुवर्षं बघावं लागत नाही.

आता पाणी. ऊन आणि पाऊस या दोन गोष्टी लोक वेगवेगळ्या बजेटमध्ये टाकतात, उन्हाळ्यात एसीवाला बोलावतात आणि जूनमध्ये छत गळायला लागलं की वॉटरप्रूफिंगवाला, आणि दोघंही एकाच स्लॅबवर काम करून राहिले हे कोणाच्या लक्षात येत नाही. आमच्या स्कीममध्ये मागे मीटिंगला मिस्त्री आले होते, अनुभवी माणूस, त्यांनी गच्ची बघितली आणि म्हणाले, "ताई, डांबरशीट टाकून घ्या, दहा वर्षं पाह्यचं काम नाई." मी म्हटलं, भाऊ, पाणी थांबेल हे मान्य, पण ती काळी शीट वरच्या तिघांच्या डोक्यावर तवा होऊन बसेल त्याचं काय? ते जरा थांबले आणि म्हणाले, "ते तर आहेच. वरून पांढरा मारावा लागन मंग." मग त्यांनीच नीट समजावलं की शीटच्या वर तिला चालणारं पांढरं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं कोटिंग मारता येतं, आणि त्याने शीट पण उन्हाने लवकर तडकत नाही. नाहीतर मग शीट नकोच, पांढरं इलास्टोमेरिक, म्हणजे रबरासारखं ताणलं जाणारं, कोटिंग घ्या जे पाणी पण अडवतं आणि ऊन पण परत फेकतं. आम्ही दुसरं घेतलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणी डांबरशीटचं कोटेशन आणलं तर हा एक प्रश्न जरूर विचारा.

पण कोटिंग कितीही भारी असलं तरी गच्चीला उतार नसेल तर पैसे पाण्यात. शंभराला एक तरी उतार पाहिजे, म्हणजे दहा फुटांत साधारण सव्वा इंच, आणि तो पाइपाच्या तोंडाकडे. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जिथे डबकं राहतं तिथे खडूने गोल करून ठेवा, मिस्त्री आला की तेच दाखवायचं. जुन्या गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, तो पोकळ झाला असेल तर हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर बद्द आवाज येतो, त्यावर कोटिंग मारून काही होत नाही, तेवढा भाग काढून नव्याने करावा लागतो. आणि मधल्या स्लॅबपेक्षा कडेने जास्त गळतं, जिथे पॅरापेटची भिंत आणि गच्ची मिळते तो कोपरा. तिथे सिमेंटची गोलाई हवी आणि कोटिंग भिंतीवर फूटभर चढवलेलं हवं. पाइपाभोवती, टाकीच्या पायाशी, डिशचा स्टँड ठोकलाय तिथे, सोलरच्या स्टँडचे बोल्ट आहेत तिथे, या सगळ्या जागा आधी भरून जाळी लावून घ्यायच्या. डिशवाला वरून भोकं पाडून जातो आणि वर्षभर कोणालाच कळत नाही.

काम कधी करायचं? मृगाच्या आधी, हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे मेच्या शेवटच्या आठवड्यात मिस्त्री शोधायला लागतात तेव्हा तो मिळत नाही. मार्च-एप्रिलमध्ये करा, म्हणजे उन्हाळाही त्यातच निघतो. भर दुपारी तापलेल्या स्लॅबवर कोटिंग मारू देऊ नका, वरचा थर लगेच सुकतो आणि नीट धरत नाही, सकाळी लवकर मारायला सांगा. काम झालं, पूर्ण सुकलं की पाइपाची तोंडं बंद करून गच्चीवर दोन दिवस पाणी उभं करा आणि खाली छत बघा. शेवटचं पेमेंट त्यानंतर.

बरं, गच्ची झाली. आता मशीन.

कूलर कुठे चालतो आणि कुठे नाही हे हवेवर आहे, कंपनीवर नाही. पाणी उडताना हवेतली उष्णता घेतं आणि हवा थंड होते, पण हवेत आधीच ओल भरलेली असेल तर पाणी उडणार कुठे? आमच्याकडे मे महिन्यात दुपारी ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर चांगल्या ताट्यांचा (म्हणजे कूलरच्या बाजूंना पाणी झिरपतं त्या पॅडचा) कूलर २८ च्या आसपासची हवा देतो, हे मी फेकून राहिले नाही, गणित करून बघता येतं. तोच कूलर डोंबिवलीत नेला, ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता, तर हवा मिळणार २९-३० ची आणि ती पण पूर्ण दमट, अंगाला चिकचिक. माझी मावसबहीण तिकडे असते, ती विचारत होती की तुमच्या नागपूरसारखा मोठा कूलर घेऊ का, मी तिला सरळ सांगितलं, नको घेऊस, चांगला पंखा घे आणि पुढे जमेल तेव्हा एसी. कोकण, गोवा, मुंबई, सगळ्यांना हेच. छत्रपती संभाजीनगर, जळगाव, सोलापूर, विदर्भ, इथे मात्र एप्रिल-मेमध्ये कूलरसारखं काही नाही. आणि आमच्याकडे पण पाऊस सुरू झाला की कूलर निरुपयोगी, तेव्हा नुसता पंखा लावायचा, पंप बंद.

साइजचा ढोबळ हिशोब असा, खोलीची लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची फुटात, आणि त्याचं निम्मं म्हणजे तेवढे सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट, हवा. १२ बाय १२ ची खोली दहा फूट उंच असेल तर ७२० सीएफएम. डब्यावर क्युबिक मीटर पर अवर लिहिलेलं असेल तर साधारण १२०० च्या पुढचा बघा. टाकी किती लिटरची यावर लोक कूलरची ताकद ठरवतात, पण टाकीचा हवेशी काही संबंध नाही, टाकी मोठी म्हणजे फक्त भरायला कमी वेळा उठावं लागतं. हां, पाण्याचा विचार मात्र कराच, वर सांगितला तेवढा कूलर भर उन्हाळ्यात ताशी ८-१० लिटर पाणी उडवतो, दहा तास चालला तर शंभर लिटरच्या घरात. अकोल्याकडे, जिथे नळ काही दिवसांआड येतो, तिथे ही छोटी गोष्ट नाही.

आणि कूलर लावला की समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवायचंच. किती घरी बघते, कूलर सुरू आणि सगळं गच्च बंद, 'गार हवा बाहेर जाते' म्हणून. ओली हवा बाहेर नाही गेली तर तासाभरात खोली दमट होते आणि मग लोक म्हणतात कूलर काम नाही करून राहिला.

ताट्यांचं म्हणाल तर वाळ्याच्या ताट्यांचा सुगंध मला स्वतःला फार आवडतो, संध्याकाळी पहिलं पाणी पडलं की सगळ्या घरात पसरतो. पण रोजच्या वापराला लाकडाच्या गवताच्या ताट्या स्वस्त आणि दर सीझनला बदलायच्या, हनीकोंब महाग पण दोन-तीन वर्षं सहज जातात, गारवाही जास्त देतात. बोअरचं खारं पाणी असेल तर हनीकोंबवर पांढरा थर बसतो आणि हवा अडते, अशा घरी मी गवतच सांगते, किंवा टाकीतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण काढून नवीन भरायचं. तसं ते आठवड्यातून एकदा तरी काढायचंच आहे, कारण डेंग्यूचा डास त्या टाकीच्या कडेला अंडी घालतो. नुसतं पाणी सांडून होत नाही, अंडी पत्र्याला चिकटलेली असतात, ब्रशने कडा घासून टाकी सुकू द्या.

आता जे सांगते ते कृपा करून मनावर घ्या. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, दर उन्हाळ्यात, महावितरण दर वर्षी सूचना काढते आणि तरी बातम्या येतात. त्यात लहान मुलं असतात. पंपाची वायर पाण्यात खराब होते, लोखंडी बॉडीत करंट उतरतो, खाली फरशी ओली, पाय उघडे. लोखंडी कूलर असेल तर अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासूनच घ्या, थ्री पिन प्लगची मोठी पिन काढून टू पिनमध्ये घुसवायचा प्रकार तर अजिबात नको, आणि घराच्या बोर्डात ३० मिलीअ‍ॅम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवा. नवीन घेताना फायबर बॉडी घ्या, त्यातही अर्थिंग लागतंच. पाणी भरताना स्विच बंद आणि प्लग काढलेला. कूलरच्या साइजवर चर्चा करण्याआधी बोर्डात आरसीसीबी आहे का ते बघा, आजच बघा.

एसीबद्दल थोडक्यात, कारण त्यावर सगळेच बोलतात. एक, त्यावर लिहिलेली क्षमता ३५ अंशांना मोजलेली असते आणि आमच्याकडे बाहेरचं युनिट ४५ मध्ये बसलेलं असतं, तेव्हा दीड टन काही दीड टन राहत नाही. काही कंपन्या ४६ अंशांना मोजलेला आकडा पण देतात, दुकानदाराला तो मागा. बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर किंवा तापलेल्या पत्र्याखाली बसवू नका, वर छोटी सावली करा पण त्याची हवा अडवू नका. दोन, स्टार बघताना लेबलवरचं वर्ष पण बघा, कारण स्टारचे निकष मधून मधून कडक होतात आणि जुन्या वर्षाचा फाइव्ह स्टार आजचा फाइव्ह स्टार असेलच असं नाही. त्यापेक्षा लेबलवरचा आयएसईईआर (तेवढ्या विजेत सीझनभर किती गारवा मिळतो तो आकडा, जास्त तेवढा चांगला) आणि वर्षाचे युनिट बघा, ते युनिट १६०० तास धरून काढलेले असतात, तुम्ही किती चालवणार त्यावरून स्वतःचा हिशोब करा. वर्षातून दीड महिना फक्त रात्री चालवणार असाल तर थ्री स्टार इन्व्हर्टर पुरतो आणि उरलेले पैसे गच्चीला लावा. तीन, २०२० पासून नवीन एसी सुरू केला की २४ वरच सुरू होतो, तो तिथेच राहू द्या आणि सोबत पंखा लावा. पंखा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, असेल तर जेमतेम ३० वॉट घेतो, जुना पंखा ७५ घेतो, आणि आमच्याकडे पंखा आठ-नऊ महिने चालतो हे लक्षात घ्या.

एक गोष्ट राहिली, पश्चिमेची खिडकी. आतून जाड पडदा लावला तरी ऊन काचेतून आत येऊनच गेलेलं असतं. अडवायचं ते बाहेरून, बांबूची चिक, हिरवी नेट, काहीही, पण काचेच्या बाहेर.

हिवाळ्याचं आमच्याकडे फार नसतं, तरी डिसेंबर-जानेवारीत पारा काही दिवस दहाच्या खाली येतो आणि हीटर-गीझरचे प्रश्न सुरू होतात. रूम हीटर घ्यायचाच असेल तर ऑइलवाला घ्या, मुलांच्या हाताला उघडी कॉइल लागत नाही. पेटलेली सिगडी बंद खोलीत घेऊन झोपू नका. आणि गॅस गीझर बाथरूमच्या आत नकोच, त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आंघोळ करता करता माणूस खाली बसतो आणि दार आतून बंद असतं. तो बाहेर बाल्कनीत, उघड्या हवेत बसवा आणि आत फक्त पाण्याचा पाइप आणा. बाल्कनी नसेल तर इलेक्ट्रिक घ्या, आणि गच्ची तुमची असेल तर सोलर, तेवढं गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायच्या आधीच त्याच्या स्टँडचा पाया घालून घ्या म्हणजे नंतर कोटिंगला भोकं पाडावी लागत नाहीत.